न नांगरण्याचे मोल

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एक शब्द असतो, 'पोटखराब'. शेताच्या पोटात असलेली पण पिकाच्या उपयोगाची नसलेली जमीन या नोंदीत जाते. त्यात खडक येतो, नाला येतो, ओघळ येते. महसुलाच्या भाषेत जे पिकत नाही ते खराब, आणि शेतकऱ्याच्या भाषेत ते पडीक. आमचे घर सोलापूर जिल्ह्यातले, कोरडवाहू. त्यामुळे हे दोन्ही शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आणि त्यांत काही गैर आहे असे मला कधी वाटले नाही. पुढे नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहिलो, तेव्हा कळले की तिथले सरकार लाखो शेतकऱ्यांना जमीन पडीक ठेवण्यासाठी दरवर्षी भाडे देते. शेतातले पाण्याचे डबके बुजवू नये म्हणून पैसे देते, गवताळ माळ नांगरू नये म्हणून गुरे पाळणाऱ्यालाही पैसे देते.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा शुद्ध उधळेपणा वाटतो. पिकवल्याचे पैसे समजू शकतात, न पिकवल्याचे कशाचे? पण या प्रश्नाचे उत्तर शोधत गेले की शेती, पाणी, कायदा आणि बाजार यांची एक गुंतागुंतीची गोष्ट उलगडत जाते. ही व्यवस्था कशी उभी राहिली, कशी चालते आणि कुठे अडते हे या लेखात सांगायचे आहे. शेवटी आपल्याला सोलापूरच्या माळढोकाच्या माळावरही जायचे आहे, कारण तिथे आपण याच प्रश्नाला अगदी उलट उत्तर दिले होते.

बर्फाने खणलेले खळगे

मध्य आयोवातून गाडीने जाताना दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मका आणि सोयाबीन एवढेच दिसते. जमीन काळी आणि पाटासारखी सपाट. रस्त्याकडेच्या चरांत मात्र ठिकठिकाणी पाइपांची तोंडे उघडी असतात आणि पाऊस थांबून काही दिवस उलटले तरी त्यांतून पाणी वाहत असते. या पाइपांत त्या प्रदेशाचा इतिहास आहे.

सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी हिमनद्या उत्तरेकडे मागे हटल्या. जाताना त्यांनी जमिनीत लाखो उथळ खळगे सोडले. आयोवा, मिनेसोटा, उत्तर व दक्षिण डकोटा, माँटाना आणि पुढे कॅनडापर्यंत पसरलेल्या या पट्ट्याला 'प्रेअरी पॉटहोल' प्रदेश म्हणतात. पॉटहोल हा शब्द आपल्याला रस्त्यांमुळे चांगलाच परिचित आहे. वसंतात बर्फ वितळले की हे खळगे भरतात आणि त्यांतले बरेचसे उन्हाळ्यात आटतात. उथळ पाणी लवकर तापते, त्यात किडे आणि गोगलगायी लवकर वाढतात, आणि अंडी घालायला आलेल्या बदकांना नेमके तेच खाद्य लागते. उत्तर अमेरिकेतील निम्म्याहून अधिक बदके या पट्ट्यात जन्मतात असे मानले जाते. शिवाय हे खळगे पुराचे पाणी थोपवतात, जमिनीत मुरवतात आणि शेतातून वाहून येणारे नत्र गाळून घेतात.

शेतकऱ्याला मात्र तिथे फक्त ट्रॅक्टर रुतणारी जागा दिसते, आणि त्यात त्याची चूक नाही. १८४९, १८५० आणि १८६० या वर्षी केंद्र सरकारनेच कायदे करून दलदलीच्या जमिनी राज्यांना दिल्या. त्या विकून आलेल्या पैशातून निचरा करावा अशी त्यामागची अपेक्षा होती. न्यूयॉर्क राज्यात जॉन जॉन्स्टन या स्कॉटलंडहून आलेल्या शेतकऱ्याने १८३५ मध्ये भाजलेल्या मातीच्या नळ्या शेताखाली पुरून पाणी काढून दाखवले होते. ते तंत्र मध्य-पश्चिमेत सर्वत्र पोहोचले. पुढे मातीच्या नळ्यांची जागा सच्छिद्र प्लास्टिक पाइपांनी घेतली. सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड जमिनीत आज जे पाइप पुरतात, त्यांचेच हे भाऊबंद. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेचे कृषी खाते या निचऱ्याच्या खर्चाला हातभार लावत होते.

परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. १७८० च्या दशकात आज सलग असलेल्या ४८ राज्यांच्या भूभागात सुमारे २२ कोटी १० लाख एकर पाणथळ जमीन होती. १९८० च्या दशकात ती १० कोटी ४० लाख एकरांवर आली. सरासरी काढली तर दोनशे वर्षे, दर तासाला साठ एकरांहून अधिक. आयोवाने आपल्या जवळजवळ ९० टक्के पाणथळ जागा गमावल्या. त्या बदल्यात त्याला जगातली एक उत्तम मक्याची जमीन मिळाली, हेही तितकेच खरे.

धुळीतून निघालेला कायदा

जमीन न पिकवण्याचे पैसे देण्याची कल्पना निसर्गप्रेमातून आलेली नाही. ती मंदीतून आली. १९३३ मध्ये शेतमालाचे भाव कोसळले होते. रूझवेल्ट सरकारने पीक कमी करावे म्हणून शेतकऱ्यांना पैसे देणारा कायदा केला. त्या वर्षी उभा कापूस सुमारे एक कोटी एकरांवर नांगरून टाकण्यात आला आणि साठ लाख डुकरे मारण्यात आली. लोक उपाशी असताना हे चालल्यामुळे मोठा क्षोभ झाला. ६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द केला. शेतीच्या उत्पादनावर असे नियंत्रण ठेवणे केंद्राच्या अधिकारात बसत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

दरम्यान दक्षिणेकडच्या मैदानांत वेगळेच संकट उभे राहिले होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाला भाव आला म्हणून नांगरलेला गवताळ प्रदेश दुष्काळात अक्षरशः उडून जात होता. १४ एप्रिल १९३५ चे धुळीचे वादळ 'काळा रविवार' म्हणून प्रसिद्ध आहे. ह्यू बेनेट हे मृदाशास्त्रज्ञ त्याच सुमारास संसदेच्या समितीसमोर जमिनीच्या धुपेविषयी सांगत होते, आणि मैदानांतली धूळ तेव्हा वॉशिंग्टनच्या आकाशापर्यंत पोहोचली, अशी हकीकत सांगतात. २७ एप्रिल १९३५ रोजी मृदसंधारणाचा कायदा झाला.

न्यायालयाच्या निकालानंतर सरकारने या दोन गोष्टी एकत्र बांधल्या. १९३६ च्या नव्या कायद्यात शेतकऱ्याला पीक कमी केल्याबद्दल पैसे नव्हते. माती खंगवणारे पीक सोडून माती राखणारे गवत किंवा द्विदल पीक लावल्याबद्दल होते. पैसे तेच, शेतकरी तेच, कारण मात्र बदलले. तेव्हापासून आजपर्यंत या व्यवस्थेला दोन आया आहेत, भाव सावरणे आणि माती राखणे. भाव पडलेले असतात तेव्हा दोघींचे पटते. भाव चढले की पहिली आई दुसरीकडे पाठ फिरवते. पुढचा सारा इतिहास या एका वाक्यात बसतो.

१९५६ मध्ये 'मृदापेढी' म्हणता येईल अशी योजना आली. जमीन काही वर्षांसाठी पेढीत ठेव म्हणून ठेवायची आणि भाडे घ्यायचे. १९६० पर्यंत २ कोटी ८७ लाख एकर जमीन तिच्या राखीव भागात आली. मग करार संपले. १९७२-७३ मध्ये सोव्हिएत रशियाने प्रचंड धान्य खरेदी केले, भाव उसळले, आणि कृषिमंत्री अर्ल बट्झ यांनी शेतकऱ्यांना कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरायला सांगितले. राखलेले गवत पुन्हा नांगराखाली गेले.

बदकांचे तिकीट

पाणथळ जागांना दुसऱ्या बाजूने एक वाली मिळाला होता. तो शेतकरी नव्हता, शास्त्रज्ञही नव्हता, तर शिकारी होता. १९३० च्या दशकात बदके झपाट्याने कमी झाली तेव्हा आयोवातल्या डी मॉइन शहरातील जे डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकाराला रूझवेल्टने वन्यजीव खात्याचे प्रमुख केले. १९३४ च्या कायद्याने पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्या प्रत्येकाला एक डॉलरचे तिकीट घेणे सक्तीचे झाले. पहिल्या तिकिटावरचे बदकांचे चित्र डार्लिंग यांनी स्वतः काढले. आज ते तिकीट २५ डॉलरचे आहे आणि त्याच्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात.

१९५८ मध्ये या कायद्यात एक दुरुस्ती झाली, आणि माझ्या मते ती साऱ्या कहाणीतली सर्वांत कल्पक गोष्ट आहे. जमीन विकत घेण्याऐवजी जमिनीवरचा एकच हक्क विकत घेता येईल, असे तिने ठरवले. इंग्रजी कायद्यात याला 'इझमेंट' म्हणतात. आपल्याकडे दुसऱ्याच्या शेतातून वाटेचा किंवा पाटाचा हक्क असतो, तोही इझमेंटच. आपला कायदा त्याला सुविधाधिकार म्हणतो. इथे मात्र हक्क उलटा आहे. डकोटातला शेतकरी एकरकमी पैसे घेऊन सरकारला एवढेच लिहून देतो की या खळग्याचा निचरा करणार नाही, तो बुजवणार नाही, सपाट करणार नाही आणि त्यातली झाडोरी जाळणार नाही. बाकी मालकी त्याचीच. खळगा आपोआप आटला तर त्यात पेरायची त्याला मुभा, गुरे चारायची मुभा, विकायचीही मुभा. पण हे लिहून देणे कायमचे. मुलगा असो, नातू असो की नवा खरेदीदार असो, सगळ्यांना ते बांधील. आपल्या सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' या रकान्यात कधीही कमी न होणारा बोजा चढावा, तसे.

ही कायमची बांधिलकी सगळ्यांना रुचली नाही. उत्तर डकोटाच्या विधिमंडळाने १९७७ मध्ये या खरेदीवर बंधने घातली. कोणताही इझमेंट ९९ वर्षांपेक्षा जास्त काळाचा नसावा, हे त्यांतलेच एक. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यपालांनी आधी दिलेली संमती राज्याला अशी मागे घेता येणार नाही किंवा मागाहून अटी लावून अडवता येणार नाही, असा निकाल १९८३ मध्ये लागला. कायद्याचा प्रश्न सुटला. त्यामागचा नैतिक प्रश्न, म्हणजे न जन्मलेल्या नातवाच्या वतीने आजोबाने सही करावी का, हा सुटलेला नाही. पण मला वाटते, तो प्रश्न निचऱ्यालाही लागू आहे. पाइप पुरणारा आजोबाही नातवाच्या वतीनेच निर्णय घेत असतो, फक्त त्याची कुठे नोंद होत नाही.

दाम आणि दंड

१९८० च्या दशकात अमेरिकी शेतीवर पुन्हा मंदी आली. कर्जे थकली, जमिनींच्या किमती कोसळल्या, कोठारे धान्याने ओसंडली. दोन्ही आयांचे पुन्हा जमले. २३ डिसेंबर १९८५ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या शेती कायद्यात दोन तरतुदी होत्या, एक दामाची आणि दुसरी दंडाची.

दंडाची तरतूद अशी की या तारखेनंतर जो पाणथळ जागेचे शेत करील, त्याला सरकारी शेती अनुदाने मिळणार नाहीत. मनाई नाही, पण निचरा करायचा तर स्वतःच्या हिमतीवर करा, सरकारच्या पैशावर नको. शंभराहून अधिक वर्षे निचऱ्याच्या बाजूने असलेले सरकार इथे वळले.

दामाची तरतूद म्हणजे 'कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम'. आपण तिला राखीव जमीन योजना म्हणू. ती अशी चालते. शेतकरी आपला धूप होणारा किंवा पाण्याकाठचा तुकडा दहा ते पंधरा वर्षांसाठी देऊ करतो आणि किती भाडे घेईल ते सांगतो. त्यावर गवत किंवा झाडे लावण्याचा निम्मा खर्च सरकार देते. सुरुवातीच्या फेऱ्यांत प्रत्येक विभागासाठी भाड्याची कमाल मर्यादा गुप्त होती. शेतकऱ्यांनी ती थोड्याच फेऱ्यांत ओळखली आणि मग सगळ्यांच्या मागण्या त्या आकड्याभोवती गोळा झाल्या. शहाण्या माणसाला भाव सांगायला लावले की तो काय करणार? १९९० नंतर पद्धत बदलली. आता प्रत्येक प्रस्तावाला गुण देतात. त्यात पक्षी-प्राण्यांचा लाभ, पाण्याची शुद्धता, धूप, हवा आणि खर्च हे सगळे मोजतात, आणि जास्त गुणांचे प्रस्ताव घेतात.

१९९० च्या शेती कायद्याने त्यात पाणथळ जागांसाठी वेगळी योजना जोडली. एकदा निचरा केलेल्या जागेतले पाइप फोडून किंवा चर बुजवून पाणी परत येऊ द्यायचे. कायमचा इझमेंट दिला तर जमिनीचे मोल आणि दुरुस्तीचा बहुतेक सगळा खर्च मिळतो. पुढे तीस वर्षांचा पर्यायही आला, त्याला मोबदला कमी. या मार्गाने वीस लाख एकरांहून अधिक जमीन राखली गेली.

या पैशांतून काय मिळाले? एक मोजमाप बदकांचे आहे. दोन्ही डकोटा आणि ईशान्य माँटानामध्ये संशोधकांनी १९९२ ते १९९७ या काळाचा हिशोब केला. राखीव योजनेतल्या गवतामुळे तिथे सुमारे १ कोटी २४ लाख बदके अधिक जन्मली, असा त्यांचा अंदाज निघाला. खळगे आधीही होते, पण बदक घरटे करते ते आसपासच्या गवतात. नांगरलेल्या शेताच्या मधोमध असलेला खळगा म्हणजे घर नसलेली विहीर.

मक्याचा भाव

२००७ मध्ये राखीव योजनेत ३ कोटी ६८ लाख एकर जमीन होती. हे महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्रफळाच्या जवळजवळ निम्मे झाले. तो कळस होता. त्याच सुमारास पेट्रोलमध्ये मक्याचे इथेनॉल मिसळण्याचे सक्तीचे लक्ष्य कायद्याने वाढवले गेले. २००५ च्या हंगामात बुशेलला सरासरी दोन डॉलर असलेला मका २०१२ च्या दुष्काळी हंगामात सातच्या जवळ गेला. दहा वर्षांचा करार संपलेल्या शेतकऱ्यासमोर साधे गणित होते. सरकारचे भाडे जुन्या भावाचे, मका नव्या भावाचा. २००६ ते २०११ या पाच वर्षांत आयोवा, मिनेसोटा, नेब्रास्का आणि दोन्ही डकोटा मिळून सुमारे १३ लाख एकर गवताळ जमीन मका-सोयाबीनखाली गेल्याचे उपग्रहचित्रांवरून दिसले. संसदेनेही योजनेची मर्यादा खाली आणली. २०२० च्या सुमारास राखीव जमीन २ कोटी २० लाख एकरांच्या आसपास उरली.

म्हणजे एका कायद्याने सरकार गवत राखायला भाडे देत होते आणि दुसऱ्या कायद्याने तेच गवत मोडायला भाव देत होते. यात शेतकऱ्याला लोभी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्याने करार पाळला आणि मुदत संपल्यावर आपल्या घराचा हिशोब पाहिला. दोष असेल तर तो मुदतीत आहे. खळगा बनायला हिमयुग लागते, करार दहा वर्षांचा असतो आणि पाइप पुरायला एक आठवडा पुरतो.

तीन शंका

या व्यवस्थेविरुद्धचे आक्षेप अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ मांडले आहेत. त्यांतले तीन समजून घेण्यासारखे आहेत.

पहिली शंका 'तसेही' या शब्दात सांगता येते. जो तसेही नांगरणार नव्हता, त्याला न नांगरण्याचे पैसे कशाला? डकोटातला रँचर, म्हणजे गुरांचे मोठे कळप पाळणारा, याच्या बाबतीत हा प्रश्न टोकदार होतो. त्याला गवत हवेच असते आणि खळग्यातले पाणी त्याची गुरे पितात. त्याने कुरणाचा इझमेंट विकला तर आज त्याचे काहीच बिघडत नाही. पण उद्या तो म्हातारा होतो, जमीन विकायला निघते, आणि शेजारचा मकावाला रँचरपेक्षा जास्त भाव देतो. इझमेंटने विकत घेतलेला असतो तो हा उद्याचा दिवस. त्यामुळे 'तसेही' हे उत्तर दहा वर्षांच्या भाड्याला जेवढे लागू पडते, तेवढे कायमच्या हक्काला पडत नाही.

दुसरी शंका गळतीची. इकडे जमीन राखली की धान्य थोडे कमी होते, भाव थोडा चढतो, आणि तिकडे कोणीतरी नवी जमीन फोडतो. जुनजिए वू यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्य अमेरिकेत राखलेल्या दर १०० एकरांमागे सुमारे २० एकर नवी जमीन लागवडीखाली आल्याचे म्हटले होते. त्यांच्या पद्धतीवर पुढे वाद झाला. आकड्यावर मतभेद असले तरी गळतीची शक्यता विसरून हिशोब मांडता येत नाही, एवढे या वादातून नक्की झाले.

तिसरी शंका गावाची. शेत राखले की भाडे मालकाला मिळते. पण बियाणेवाला, खतवाला, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा यांचे गिऱ्हाईक जाते. म्हणूनच एका काउंटीतली पिकाखालची जमीन साधारण २५ टक्क्यांहून अधिक योजनेत घेऊ नये, असा नियम आहे. शिवाय आयोवातली निम्म्याहून अधिक शेतजमीन कसणाऱ्याच्या मालकीची नाही. मालक शहरात, कसणारा गावात. मालकाने जमीन राखायला दिली तर कसणाऱ्याचे काय, हा प्रश्न आपल्याकडच्या बटईदारालाही नवा वाटणार नाही.

आणि या सगळ्यांच्या उलट बाजूला एक खर्च आहे, जो कुणाच्याच वहीत नसतो. डी मॉइन शहराला नदीचे पाणी प्यायला घेताना त्यातले नायट्रेट काढण्यासाठी खास यंत्रणा चालवावी लागते. लिटरमागे १० मिलिग्रॅम नत्र ही मर्यादा शेतांतल्या पाइपांमुळे वारंवार ओलांडली जाते. २०१५ मध्ये शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने वरच्या अंगाच्या तीन काउंट्यांतल्या निचरा मंडळांवर दावा लावला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. तेच पाणी पुढे मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जाते. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथे सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर समुद्र प्राणवायूविना मृतवत झालेला मोजला गेला. खळगा राखण्याचा खर्च आपल्याला दिसतो, कारण त्याची पावती फाडली जाते. खळगा नसण्याचा खर्चही होतच असतो, फक्त तो दुसऱ्या गावाच्या पाणीपट्टीत मिसळलेला असतो.

माळढोकाचा माळ

आता सोलापूर. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. नान्नजचे नाव त्यामुळे पक्षिमित्रांना ठाऊक झाले. माळढोक गवताळ माळावर राहतो, ज्वारी-करडईच्या शेतांत फिरतो आणि वर्षाला साधारण एकच अंडे जमिनीवर घालतो. एवढ्या विस्तीर्ण अभयारण्यात साहजिकच गावे होती, शहरे होती आणि हजारो लोकांच्या खासगी जमिनी होत्या. त्या जमिनींच्या व्यवहारांवर, बांधकामांवर बंधने आली. मोबदला आला नाही. मुलीच्या लग्नासाठी एकरभर जमीन विकायला निघालेल्या माणसाला या पक्ष्याबद्दल काय वाटत असेल, ते सांगायला नको. माझ्या लहानपणी माळढोक हा शब्द आमच्याकडे पक्ष्यापेक्षा अडचणीचे नाव म्हणून अधिक ऐकू यायचा.

लोकांच्या दीर्घ तक्रारींनंतर २०१२ च्या सुमारास अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर कालव्याचे पाणी, बोअर आणि ऊस माळापर्यंत पोहोचले होते. आज महाराष्ट्रात माळढोक दिसणे ही बातमी होते. साऱ्या देशात दीडशेच्या आसपास उरले असतील. पक्षी गेला तो केवळ रागामुळे नव्हे. पण ज्याच्या माळावर तो राहत होता त्याला तो राहण्यात काहीच लाभ नव्हता, एवढे स्पष्ट आहे. अमेरिकेने दाम आणि दंड वापरले. आपण फक्त मनाई वापरली, आणि तिचा सारा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या खात्यावर टाकला.

मग अमेरिकेची योजना इथे आणावी का? आहे तशी नाही. आयोवातले सरासरी शेत साडेतीनशे एकरांचे असते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातले १.३४ हेक्टरचे, म्हणजे सव्वातीन एकरांचे. तिथे खळगा हा शेताचा कोपरा असतो. इथे तेवढा खळगा म्हणजे पूर्ण शेत. शिवाय आपले २०१७ चे पाणथळ जागांविषयीचे नियम भातखाचरे आणि सिंचनासाठी किंवा पिण्यासाठी बांधलेले तलाव व्याख्येतूनच वगळतात. नांदूर-मध्यमेश्वर २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ झाले. ते गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळे तयार झाले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही रेघ किती नाजूक आहे ते कळते.

त्याहून मोठा फरक माणसांचा आहे. अमेरिकी रँचर आपल्या कुरणाचा मालक असतो किंवा त्याच्याकडे चराईचा लेखी करार असतो. आपला माळ शतकानुशतके वापरला तो धनगर मेंढपाळांनी, आणि त्यांचे नाव कुठल्याही सातबाऱ्यावर नाही. मेंढरांच्या चरण्यामुळे, खतामुळे माळ माळ राहिला. उद्या माळ राखण्याचे भाडे सातबारा पाहून वाटले, तर ते मालकाला मिळेल, तो कुंपण घालील, आणि ज्याच्यामुळे माळ टिकला तो बाहेर राहील. म्हणून इथे पैसे एकेका खातेदाराऐवजी गावाला, आणि गावात चरायला येणाऱ्यांनाही धरून, द्यावे लागतील. असे करार आपल्या देशात अगदीच अनोळखी नाहीत. हिमाचलातल्या पालमपूर शहराच्या पालिकेने २०१० मध्ये आपल्या झऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या बोहल गावाच्या वनसमितीशी करार केला. जंगल राखायचे आणि त्याबद्दल पालिकेने गावाला दरवर्षी ठरलेली रक्कम द्यायची. रक्कम लहान आहे. पण खालचे गाव वरच्या गावाचे देणे लागते, हे त्यात कागदावर आले.

नव्वद वर्षांच्या अमेरिकी अनुभवातून मला घेण्यासारख्या दोन गोष्टी दिसतात. जमिनीचे भाडे दिले की फक्त तेवढा काळ विकत मिळतो. भाडे थांबले, की बाजार जे सांगेल ते होते. त्यामुळे जिथे परत फिरणे शक्य नाही, तिथे कायमचा हक्क घ्यावा लागतो आणि त्याची पूर्ण किंमत मोजावी लागते. दुसरी गोष्ट अशी की शेतकऱ्याला दिलेला पैसा उपकार म्हणून दिला तर दरवर्षी त्याच्यावर कुरकुर होते, आणि पाणी, माती, पक्षी या मालाची किंमत म्हणून दिला तर मालाचे मोजमाप करता येते, वाद घालता येतो, भाव वाढवून मागता येतो. सोलापूरच्या शेतकऱ्याला माळढोकाबद्दल असा भाव मागण्याची संधी कुणी दिली नाही. जे थोडे माळ अजून उरले आहेत, त्यांच्या मालकांना आणि मेंढपाळांना ती द्यायला हवी, आणि ती त्यांनी तिथे ऊस लावायच्या आधी द्यायला हवी.